‘पात्रं नुसती बसून बोलतात’ या तक्रारीवर

प्रश्नकर्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तीन एकांकिका लिहून झाल्या. वाचणारे म्हणतात संवाद छान आहेत, पण दिग्दर्शक संहिता परत करतात. ‘ही श्रुतिका आहे, पात्रं नुसती बसून बोलतात.’ शारीरिक हालचालींतून नाट्यलेखन शिकता येतं असं त्यांनी ऐकलंय. स्वतः नट नाहीत, नाच येत नाही, वय 46, डावा गुडघा कुरकुरतो. हे जमेल का, घरी एकट्याने करता येईल का आणि हालचालीतून शेवटी कागदावर यायचं कसं, असे तीन प्रश्न आहेत. ताज्या एकांकिकेचा गोषवाराही दिलाय: निवृत्त शिक्षकांकडे वीस वर्षांनी त्यांचा विद्यार्थी येतो, शाळेत झालेल्या एका शिक्षेचा जाब विचारायला. 34 पानं. दोघंही सोफ्यावर.

गुडघ्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. ज्याचा गुडघा दुखतो तो उठण्याआधी ठरवतो. हात कुठे टेकायचा, उठायची खरंच गरज आहे का, समोरच्याने पाहिलं तर चालेल का. ठणठणीत गुडघ्याच्या माणसाच्या हे गावीही नसतं. तो उठतो आणि चालू लागतो. नाटकातलं पात्र मात्र पहिल्या जातीचं असावं लागतं. प्रत्येक उठण्याचं त्याला काहीतरी मोल पडलं पाहिजे. तेव्हा तुमचा गुडघा या कामात उपयोगाचाच आहे. (उड्या मारायला मी कुणालाच सांगत नाही. जमिनीवर बसायचा व्यायाम आला की खुर्चीवर बसा, काही बिघडत नाही.)

नाट्यलेखनाच्या कार्यशाळा मी बावीस वर्षं घेते आहे. त्याआधी टेबलाशी बसून लिहिलेलं माझं एक नाटक तालमीत उभं राहिलं, आणि दुसऱ्या अंकात एक अभिनेत्री थांबून म्हणाली, ‘मी इथे का उभी आहे?’ मी तिला पात्राचं बालपण सांगितलं, नवऱ्याशी असलेलं नातं सांगितलं, चांगली पाच मिनिटं बोलले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ते सगळं कळलं. पण पाय?’

पायाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिला खोलीबाहेर जायचं होतं की नवऱ्याजवळ, हे मी ठरवलंच नव्हतं. तिला काय वाटतं ते मला पानभर सांगता येत होतं. ती कुठे निघाली आहे, हे ठाऊक नव्हतं. त्या रात्री दोन पानांचा तो प्रवेश मी घरात चालून पाहिला. दाराकडे जाताना बायको ज्या वाक्यावर थांबते ते वाक्य सापडलं, आणि बाकीचं दीड पान आपोआप गळून गेलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट निरनिराळ्या प्रकारांनी शिकवते आहे. शरीराला जे करायचंय ते करता येत नाही, तिथे संवाद सुरू होतो. तुमच्या हातातली किल्ली मला सरळ हिसकावून घेता आली असती तर मी बोलले कशाला असते? हात पुढे करता येत नाही म्हणून मी म्हणते, ‘बाहेर पाऊस आहे, आज कशाला जातोस.’ पात्राला शरीराने काय करायचंय आणि कशाने अडलंय, हे कळायच्या आधी लिहिलेले संवाद छान असू शकतात. पण ते तरंगत राहतात. तुमच्या दिग्दर्शकांना श्रुतिका वाटली ती बहुधा यामुळेच. (चांगल्या श्रुतिकेतही माणसं चालत असतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.)

यात परकं किंवा फार आधुनिक असं काही नाही. नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यात वाचिकाच्या, म्हणजे बोलण्याच्या, आधी आंगिक, म्हणजे शरीराने करायचं, येतं. संस्कृत नाटककार ‘परिक्रम्य’ एवढं लिहितात, नट रंगमंचावर एक फेरी मारतो आणि स्थळ बदलतं. पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कालिदासाच्या शकुंतलेने. पहिल्या अंकाच्या शेवटी तिला मैत्रिणींबरोबर निघायचं आहे आणि राजाकडे बघायचंही आहे. ती म्हणते, पायात दर्भाचा अंकुर रुतला, वल्कल फांदीत अडकलं, जरा थांबा. दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला तेच दृश्य सांगतो, आणि सांगताना म्हणतो की वल्कल अडकलेलं नव्हतंच. काही पावलं गेली, थांबली, वळली. प्रेमाचा एक शब्द नाही. पाय एकीकडे निघालेले आणि चेहरा दुसरीकडे, आणि या दोहोंमध्ये एक खोटं वाक्य. तुम्ही लिहायला बसाल तेव्हा ही रचना समोर ठेवा: पायांची दिशा, चेहऱ्याची दिशा, आणि ती लपवायला बोललेलं काहीतरी.

आता एक प्रत्यक्ष घडलेलं सांगते.

एका कार्यशाळेत एक जण प्रवेश घेऊन आला. आई गेली आहे, घर विकायचंय. धाकटा भाऊ सहीसाठी आलाय, मोठी बहीण टाळते आहे. अडीच पानं. ‘ताई, तू जरा समजून घे’, ‘तुला फक्त पैसे दिसतात’, ‘आईने माझ्यासाठी काय केलं हे तुला माहीत नाही’ अशा वळणाचं. वाईट नव्हतं. पण पहिल्या चार वाक्यांत जे कळतं तेच पुढे अडीच पानं कळत राहतं.

मी दोघांना उभं केलं आणि हातात डबलबेडची चादर दिली. घडी घाला, म्हटलं. बोलायचं नाही. घडी पूर्ण होईपर्यंत भावाने होकार मिळवायचा, बहिणीने द्यायचा नाही. पहिल्या फेरीत दोघांनी धोब्याच्या सफाईने घडी घातली आणि ठेवून दिली. दुसऱ्या फेरीआधी मी एवढंच सांगितलं की चादर आईची आहे.

दोघं मिळून चादरीची घडी घालतात तेव्हा काय होतं ते कधी नीट बघा. लांब उभं राहून चारी टोकं ताणायची. मग एकमेकांकडे चालत यायचं, एकाने आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची, पुन्हा मागे जायचं. आणि दर फेरीला मधलं अंतर निम्मं होतं. दोघांची इच्छा असो वा नसो, चादर त्यांना जवळ आणत राहते. लेखकाला फुकटात मिळालेलं हे यंत्र आहे.

भाऊ पहिल्यांदा जवळ आला, टोकं पुढे केली. तिने घेतली नाहीत. चादर अशी दोघांच्या मध्ये लोंबते आहे, त्याचे हात पुढे, ती त्याच्या हातांकडे बघते आहे. खोलीत आम्ही चौदा जण होतो, कुणी हललं नाही. मग तिने टोकं घेतली, आणि खालची घडी उचलायला तो वाकणार इतक्यात चादर स्वतःकडे ओढून घेतली. उरलेल्या घड्या तिने एकटीनेच, पोटाशी धरून, हनुवटीखाली दाबून घातल्या. त्याच्या हातात काहीच उरलं नाही. रिकामे हात घेऊन काय करावं ते त्याला कळेना, आणि नियम मोडून तो म्हणाला, ‘मी धरू?’ ती म्हणाली, ‘झाली.’

लेखकाने दुसऱ्या दिवशी आणलेला प्रवेश पूर्ण देते. (त्याची परवानगी आहे.)

ताई: ओढ.
भाऊ: फाटेल.
ताई: तिची आहे. फाटत नाही.
(घडी. भाऊ जवळ येतो, टोकं पुढे करतो. ती घेत नाही.)
भाऊ: ताई, सोमवारी यावं लागेल तुला.
ताई: टोकं जुळव आधी.
(तो जुळवतो. ती चादर ओढून घेते, उरलेल्या घड्या एकटी घालते.)
भाऊ: मी धरू?
ताई: झाली.

सही, घर, पैसे, आई यातला एकही शब्द नाही. अर्थात आधीच्या प्रवेशात टेबलावर कागद दिसलेले आहेत, म्हणून ‘सोमवारी’ हा शब्द एवढं ओझं पेलतो. ती तयारी नसती तर प्रेक्षकाला ही नुसती चादरीची घडी वाटली असती.

इथे वाक्यं कमी झाली याचं मला फार कौतुक नाही. लेखकाला बहिणीबद्दल नवीन काहीतरी कळलं, ते महत्त्वाचं. टेबलाशी बसून त्याने तिला ‘नाही म्हणणारी’ केलं होतं. चादरीने दाखवलं की ती नाही म्हणतच नाही. ती समोरच्याच्या हातातलं काम काढून घेते, आणि त्याला परका करून टाकते. मग बाकीचं सगळं नाटक त्याने याच सवयीवर उभं केलं. तिसऱ्या प्रवेशात ती त्याचा चहाही स्वतःच ढवळते.

एकट्याने करता येईल का? येईल, दोन पात्रांचं असेल तर नक्कीच. मी स्वतः करते ते असं. एक खुर्ची ठेवा. तिथे समोरचं पात्र. तुम्ही आठ पावलांवर उभे राहा. खोली तेवढी मोठी नसेल तर पाच. खुर्चीपाशी जाऊन करायची एकच ठोस गोष्ट ठरवा: खांद्यावर हात ठेवणं, मांडीवरचं पाकीट उचलणं, चष्मा काढून घेणं. ‘क्षमा मिळवणं’ चालणार नाही, ती हाताने उचलता येत नाही. मग चालायला लागा, पण पुढचं पाऊल टाकायला कारण सापडलं तरच. कारण संपलं की थांबा. मागे यावंसं वाटलं तर मागे या. पाऊल अडेल तिथेच तोंड उघडा, येईल ते वाक्य मोठ्याने म्हणा. फोनवर आवाज रेकॉर्ड होऊ द्या. चित्रण नको, कॅमेरा दिसला की माणूस अभिनय करायला लागतो. असं तीन वेळा, आणि चौथ्यांदा तुम्ही खुर्चीवर बसायचं, येणाऱ्याकडे बघायचं.

पहिल्या फेरीतली वाक्यं लांबलचक आणि सभ्य असतील. ती फेकायचीच असतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वाक्यं तुटायला लागतात, आणि एखादं भलतंच वाक्य येतं ज्याचा विषयाशी काही संबंध दिसत नाही. ते जपून ठेवा. खुर्चीवर बसलात की आणखी एक गंमत कळते: बसलेल्या माणसाला येणाऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकू येतो, आणि त्याची निम्मी उत्तरं त्या आवाजाला असतात.

व्यायाम संपल्यावर दहा मिनिटांच्या आत आठवेल तेवढं लिहून काढा. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका. जे आठवलं ते बहुतेक नाटकाचं असतं. जे रेकॉर्डिंगमध्ये आहे पण आठवलं नाही, त्यातलं फार थोडं कामाचं निघतं. गर्दीच्या प्रवेशाला मात्र खरी माणसं लागतात. पाच खुर्च्यांशी मी बोलून पाहिलंय. त्या एकमेकींना अडवत नाहीत.

आता वाक्यावर काम करायचं एक हत्यार. रुडॉल्फ लाबान हा नृत्य आणि हालचालींचा अभ्यासक. त्याने हालचालीतला जोर, वेग आणि दिशा यांच्या मेळातून आठ मूळ क्रिया मांडल्या. एफ. सी. लॉरेन्सबरोबर त्याने 1947 साली काढलेलं पुस्तक कारखान्यातल्या कामगारांच्या हालचालींच्या निरीक्षणातून आलेलं आहे, म्हणून मला ते जवळचं वाटतं. नाचणाऱ्यांपेक्षा काम करणाऱ्यांचं शरीर लेखकाला जास्त शिकवतं. त्या आठ क्रिया मी मराठीत अशा वापरते: ठोसा, रेटणं, पिळणं, सपकारा, टिपणं, अलगद सरकवणं, झटकणं, तरंगणं.

‘तू आज लवकर आलास’ हे साधं वाक्य घ्या. दोन्ही तळहात भिंतीवर टेकवा, भिंत खरोखर रेटा आणि रेटतानाच वाक्य म्हणा. माझ्याकडून ते असं निघालं: ‘लवकर आलास तू आज, आणि का आलास ते मला माहीत आहे.’ रेटणाऱ्याला थांबता येत नाही, वाक्य पुढे जातं. आता बोटाच्या टोकाने टेबलावरचे कण टिपत म्हणा: ‘आलास. लवकर. बरं.’ ओला टॉवेल पिळत म्हणा: ‘आज... आज म्हणजे अगदीच लवकर की रे.’ मी शब्द बदलायचं ठरवलं नव्हतं. हाताने वाक्याची रचनाच बदलली. तुमची सगळी पात्रं एकाच सुरात बोलतात असं कुणी म्हणालं, तर प्रत्येकाला यातली एक क्रिया द्या आणि एक प्रवेश तसा म्हणून बघा. दोन तासांचं काम आहे. पण हे कायमचं लेबल करू नका. टिपणारं पात्र कधीतरी सपकारा मारतं तेव्हाच नाटक वळतं.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात. फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉकने 1956 मध्ये पॅरिसला नाट्यशाळा काढली, तो मुळात खेळ आणि व्यायामशिक्षणातून आलेला माणूस. त्याच्या शाळेतले विद्यार्थी गट करून स्वतःचे छोटे प्रयोग रचून दाखवतात, म्हणजे शरीराचं शिक्षण आणि रचनेचं शिक्षण तिथे वेगळं राहत नाही. त्याच्या नावाने शिकवल्या जाणाऱ्या शरीरताणाच्या सात पायऱ्या, पूर्ण गळाठलेल्या शरीरापासून ताठरलेल्या शरीरापर्यंत, लेखकालाही उपयोगी आहेत. मी मात्र त्यातल्या तीनच वापरते, बाकीच्या नटांसाठी ठेवते. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीही आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत भावनेच्या मागे लागण्यापेक्षा शारीरिक कृतीपासून सुरुवात करण्याकडे वळला होता. अॅन बोगार्ट आणि टीना लँडाव या अमेरिकन दिग्दर्शिकांचे नऊ ‘व्ह्यूपॉइंट्स’, म्हणजे मंचावरच्या वेळेकडे आणि जागेकडे बघायचे नऊ कोन, गटाने नाटक रचताना फार चांगले. एकट्या लेखकाने त्यांच्या वाटेला घाईने जाऊ नये असं माझं मत.

पद्धतींपेक्षा नाटकं वाचा, पण चालत वाचा. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’मध्ये (1879) दुसऱ्या अंकात नोरा तारांतेला हा वेगवान इटालियन नाच नाचते. पत्रपेटीत तिचं गुपित फोडणारं पत्र आहे, नवरा पेटी उघडायला निघालाय, आणि त्याला थांबवायला तिच्याजवळ नाचाखेरीज काही नाही. तो तालीम घेतोय असं त्याला वाटतं, ती जीव वाचवायला नाचते आहे. बेकेटच्या ‘हॅपी डेज’मध्ये (1961) विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीत पुरलेली आहे, दुसऱ्यात गळ्यापर्यंत. पहिल्या अंकात तिला हात आहेत, पिशवी आहे, त्यामुळे बोलणं वस्तूंवरून उड्या मारत जातं. दुसऱ्यात पिशवी समोरच आहे पण हात नाहीत. खुर्चीवर बसून, हात मांडीखाली दाबून, मान न वळवता दुसऱ्या अंकाचं एक पान मोठ्याने वाचा. ती वाक्यं तशी का तुटतात ते दोन मिनिटांत कळतं.

आता खड्डे. पहिला: हालचाल सापडली की लेखक रंगसूचनांचा पूर सोडतो. ‘तो तीन पावलं चालतो, डावा हात उचलतो, सुस्कारा टाकतो.’ नट हे वाचत नाहीत, दिग्दर्शक खोडतो, आणि बरोबरच करतो. जिच्याशिवाय पुढचं वाक्य निरर्थक होईल तेवढीच हालचाल लिहायची. वरच्या प्रवेशात ‘ती घेत नाही’ काढून टाकलं तर ‘टोकं जुळव आधी’ कोसळतं. म्हणून ते राहिलं. तिने चादर हनुवटीखाली दाबली, ते आम्हा सगळ्यांना प्रचंड आवडलं होतं. ते गेलं, कारण पुढची अभिनेत्री आपलं काहीतरी शोधेल.

दुसरा खड्डा म्हणजे तुमचं शरीर तुमचंच असतं. मी चिडले की खोली आवरायला लागते. त्यामुळे माझी सगळी पात्रं चिडली की आवरायला लागायची, हे मला एका नेपथ्यकाराने दाखवून दिलं. तो माझ्या नाटकांच्या वस्तूंची यादी बघून हसला होता. आपल्या तीन सवयी ओळखून त्या पात्रांना वर्ज्य करा. आणि येरझाऱ्या, कपाळावर हात, खिडकीबाहेर बघणं या तर कुणाच्याच सवयी नाहीत, त्या नाटकांमधून शिकलेल्या आहेत.

तिसरा: चालताना मजा येते आणि लिहायचं राहून जातं. मी अशा कार्यशाळा पाहिल्यात जिथे पाच दिवस लोक जमिनीवर लोळले, रडले, एकमेकांना मिठ्या मारल्या आणि एक पान झालं नाही. चाळीस मिनिटं हालचाल, एक तास लेखन. घड्याळ लावा.

आता तुमच्या 34 पानांकडे. शिक्षा काय होती ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण शाळेतली शिक्षा जवळजवळ नेहमी शरीराची असते: उभं राहणं, हात पुढे करणं, भिंतीकडे तोंड करणं. आणि तुमचा विद्यार्थी वीस वर्षांनी तिचा जाब विचारतोय तो आरामात टेकून बसून! सरांची पाठ, त्याचे हात, दोघांच्या उंचीतला आता उलटा झालेला फरक, हे सगळं तुमच्याकडे आहे आणि सोफ्याने ते झाकून टाकलंय.

पहिल्या पानावरची ‘दोघे सोफ्यावर बसतात’ ही सूचना खोडा. सर बसलेले आहेत, विद्यार्थी आत आलाय, आणि सरांनी त्याला ‘बस’ म्हटलेलं नाही. खुर्ची ठेवा, दारापाशी उभे राहा, आणि कुणी बसायला सांगेपर्यंत बसू नका. गुडघा दुखायला लागेल तेव्हा जे वाक्य तोंडून निघेल ते लिहून काढा.